शंभराचं कनेक्शन, दहाचा वेग

बंगळूरच्या विद्यारण्यपुरात तिसऱ्या मजल्यावर राहणारं एक मराठी घर. आजोबा मूळचे सांगलीचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे आले. मुलगा फिरतीच्या नोकरीत, सून सॉफ्टवेअर कंपनीत, नातू दुसरीत. आजोबांची बायपास झाली तेव्हा सुनेनं आठवड्यातले चार दिवस घरून काम करायची परवानगी मोठ्या मिनतवारीनं मिळवली होती. ती परवानगी धोक्यात आली, आणि त्याला कारण झालं घरातलं इंटरनेट!

रोज संध्याकाळी साडेसातला सुनेची अमेरिकेतल्या माणसांबरोबर मीटिंग. नेमकं त्याच वेळी पडद्यावरचे चेहरे थिजायचे, आवाज तुटायचा, मग ते छोटं चक्र गोल गोल फिरत राहायचं. एकदा तर चालू कामाचं प्रात्यक्षिक दाखवताना मधेच सगळं बंद पडलं. साहेब म्हणाले, "घरी नेट चालत नसेल तर रोज ऑफिसात येऊन बसा." ऑफिस इलेक्ट्रॉनिक्स सिटीत. शहराच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जायला दोन तास आणि यायला दोन तास. मग आजोबांच्या औषधांच्या वेळा कोण बघणार, आणि नातवाला शाळेच्या बसमधून कोण उतरवून घेणार?

"बाबा, तुमचा टीव्ही थोडा वेळ बंद ठेवाल का? माझी मीटिंग अडकतेय."

"ठेवतो की. पण एक सांग, माझी मालिका तर झकास चाललीय. एकाच तारेवर आहोत ना आपण दोघं? मग तुझंच का अडतं?"

आजोबांचा प्रश्न भाबडा वाटला तरी लाखमोलाचा होता. त्याचं उत्तर शोधलं असतं तर घरातले पैसे वाचले असते. पण तसं झालं नाही. सुनेनं कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडून गोड आवाजात सांगितलं गेलं, की मॅडम, तुमच्या लाइनमध्ये दोष नाही, वरचा प्लॅन घ्या. चाळीसचा प्लॅन शंभरचा झाला. महिन्याचं बिल वाढलं. मीटिंग होती तिथंच अडकत राहिली.

हे एकाच घरात घडतं असं नाही. नेट अडलं की प्लॅन वाढवायचा, हा उपाय आता सर्दीवरच्या गोळीसारखा झालाय. पण जाहिरातीतला तो आकडा नेमका कशाचा असतो, हे विचारायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे शंभर 'एमबीपीएस' याचा अर्थ सेकंदाला शंभर मेगाबिट. आपण फोटो, सिनेमे मोजतो ते मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभरच्या कनेक्शनवर सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट माल येणार. एक गिगाबाइटचा सिनेमा उतरायला सगळं सुरळीत असलं तरी ऐंशी सेकंद लागणार. यात फसवणूक नाही. पण मोठा दिसणारा आकडा पुढे करायची युक्ती मात्र आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुनेच्या लॅपटॉपमधून निघालेला शब्द आधी वाय-फायच्या लहरींवर बसून दाराजवळच्या राउटरपर्यंत जातो. तिथून काचेच्या तारेतून इमारतीबाहेर, खांबांवरून गल्लीच्या तोंडाशी, मग कंपनीच्या केंद्रात, तिथून चेन्नई नाहीतर मुंबई, पुढे समुद्राखालून परदेश, आणि त्याच वाटेनं परत. जाहिरातीतला आकडा या प्रवासातल्या एकाच टप्प्याचा, म्हणजे घरापासून कंपनीपर्यंतचा असतो. बाकीच्या टप्प्यांची हमी कुणी दिलेली नसते. घाटात बैलगाडीमागे सापडलेली मोटार कितीही भारी असली तरी बैलगाडीच्याच चालीनं जाते. तेव्हा मोटार बदलण्याआधी बैलगाडी कुठल्या वळणावर आहे ते शोधायला हवं.

ते शोधलं वरच्या मजल्यावरच्या इंजिनीअरिंगला असलेल्या कन्नड मुलानं. तो खाली आला तो हातात दोन हात लांबीची एक तार घेऊनच. "आंटी, आधी वाय-फाय विसरा," म्हणाला. लॅपटॉप तारेनं थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. चौऱ्याण्णव! म्हणजे कंपनी शंभरचे पैसे घेऊन जवळजवळ शंभर देत होती. (वरचे पाच-सहा जातात ते पाकिटांच्या वजनात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक लिहावा लागतो, त्यालाही जागा लागतेच.) मग तार काढून दिवाणखान्यात वाय-फायवर मोजलं, तर सत्तरच्या घरात. आणि सून जिथं दार लावून कामाला बसते त्या मागच्या खोलीत? दहा. कधी आठ.

आता राउटर होता कुठे ते पाहा. मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटाच्या मागे. तिथं का? कारण तार टाकायला आलेल्या माणसाची वायर तिथंच घरात शिरली, आणि पुढे न्यायची तर भिंतीला भोकं पाडावी लागली असती. घरच्यांनाही तो डबा दिसायला नको होता, म्हणून कपाटामागे. तिथून मागच्या खोलीपर्यंत जाताना लहरींना आधी फ्रिज लागायचा, मग न्हाणीघराची टाइल्स लावलेली आणि पोटात पाण्याचे नळ असलेली भिंत, आणि शेवटी आजीचं जुनं लोखंडी कपाट. धातू लहरींना परतवून लावतो. पाणी त्यांना पिऊन टाकतं. काँक्रीट, त्यातही लोखंडी सळ्यांचं, अर्धंअधिक अडवतं. हल्लीच्या बंगळुरी अपार्टमेंटमध्ये भरीव सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात. बसवनगुडी-मल्लेश्वरमच्या जुन्या घरांत तर दगडी भिंती आहेत. जिथं शेजाऱ्याचा रेडिओसुद्धा ऐकू येत नाही अशा भिंतीपलीकडे वाय-फायनं धडधडीत पोहोचावं ही अपेक्षाच जास्त आहे.

वाय-फायच्या घरात सापडणाऱ्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिली भिंती बऱ्यापैकी ओलांडते पण तिचा वेग कमी. दुसरी वेगवान पण नाजूक, एका भिंतीतच दमते. शिवाय पहिलीच्या पट्ट्यात एकमेकींना न भिडता चालतील अशा गल्ल्या आहेत फक्त तीन. त्या मुलानं फोनवर यादी उघडून दाखवली, तर त्या एका खोलीत आजूबाजूच्या घरांची तेवीस वाय-फाय नावं दिसत होती. तेवीस घरं, तीन गल्ल्या! त्यात प्रत्येक उपकरण बोलण्याआधी दुसरं कुणी बोलतंय का याचा कानोसा घेतं आणि थांबतं. तेव्हा वेळ जातो तो निव्वळ थांबण्यात. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्याच्या दारातून थोडी लहर निसटली की तेवढा वेळ गल्लीत लाउडस्पीकर लावल्यासारखं होतं. रात्रीचं जेवण गरम करायची वेळ आणि अमेरिकेच्या मीटिंगची वेळ एकच असल्यावर काय होणार?

आणखी एक चोर होता नातवाचा जुना टॅब. तोही मागच्याच खोलीत, कमकुवत सिग्नलवर कार्टून बघत असायचा. सिग्नल कमकुवत असला की उपकरण हळू बोलतं, आणि हळू बोलणारा तेवढाच मजकूर सांगायला जास्त वेळ घेतो. हवेतला वेळ सगळ्यांचा मिळून एकच. म्हणजे टॅब जेवढा रेंगाळणार, तेवढी लॅपटॉपची पाळी लांबणार.

उपाय अगदी साधा निघाला. राउटर कपाटाच्या मागून काढून दिवाणखान्यात उंचावर ठेवला, आणि तिथून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या पायथ्यानं पंधरा मीटरची चपटी तार नेली. खर्च काही शे रुपये, तोही एकदाच. वाय-फाय वाढवणारे छोटे डबे बाजारात मिळतात. त्यांचाही उपयोग होतो, पण त्यातले स्वस्तातले बरेचसे एकाच लहरीवर ऐकतात आणि त्याच लहरीवर पुढे सांगतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो डबा लोक ठेवतात कुठे, तर जिथं सिग्नल पोहोचतच नाही तिथं! ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? मोठ्या घराला एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राउटर बसवणं हे ठीक. पण ज्या टेबलावर रोज पोटापाण्याचं काम चालतं तिथपर्यंत तार नेता येत असेल, तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

जाता जाता त्या मुलानं डबा उलटा करून मागची भोकं तपासली. "बरं झालं आंटी, दोनशेचा प्लॅन नाही घेतला. या राउटरचं भोकच शंभरचं आहे. दोनशे घेतले असते तरी आत चौऱ्याण्णवच आले असते." असे जुने राउटर आणि जुन्या तारा आजही कितीतरी घरांत आहेत, आणि मोठ्या प्लॅनचे पैसे दरमहा इमानेइतबारे भरले जाताहेत.

दोन दिवस मीटिंग छान झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा चक्र फिरलं! आता मात्र तार जोडलेली होती. वेग मोजला तर येणारा माल ठीक, पण जाणारा जवळजवळ शून्य.

यावेळचे गुन्हेगार निघाले खुद्द आजोबा. सकाळी दोड्डबोम्मसंद्र तलावावर फिरायला जायचं आणि पाणपक्ष्यांचे व्हिडिओ काढायचे, हा त्यांचा नवा छंद. संध्याकाळी सात वाजता मालिकेसमोर बसण्याआधी ते फोन चार्जिंगला लावत. फोन वाय-फायवर आणि चार्जिंगवर असला की तो आपणहून सगळे फोटो-व्हिडिओ दूरच्या साठ्यात चढवू लागतो. ज्या दिवशी बगळे जास्त, त्या दिवशी मीटिंग बंद!

चढवण्याची वाट भरली की उतरवण्याची वाटही मंदावते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पलीकडून आलेल्या तुकड्यांची पोच परत पाठवावी लागते, तेव्हा पुढचे तुकडे सुटतात. पोचपावत्या बगळ्यांच्या रांगेत अडकल्या की मालही अडकतो. मीटिंगमध्ये तर आपला चेहरा आणि आवाज चढवायचाच असतो. मालिकेला मात्र चढवायला काही लागत नाही, फक्त थोड्या पावत्या. शिवाय मालिका पुढचा अर्धा-एक मिनिटाचा भाग आधीच उतरवून ठेवते, म्हणून मधे दहा सेकंद वाट बंद झाली तरी आजोबांना कळतही नाही. मीटिंगमध्ये समोरचा माणूस अजून बोललाच नाही, तर साठवणार काय? आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

"मग फोन रात्री लावतो चार्जिंगला," आजोबा म्हणाले. खर्च शून्य.

खरं पाहता चांगल्या मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. स्वच्छ चित्राचा सिनेमा पाचच्या आसपास भागवतो. शंभर लागतात ते घरात पाच-सात जण एकदम काही बघत असतील तर, किंवा मोठमोठ्या फाइली वारंवार उतरवायच्या असतील तर. बाकी घरांना हवा असतो न तुटणारा प्रवाह. जाहिरातीत त्याचा आकडा छापत नाहीत.

आता घराबाहेर पडू. बंगळूरचं आणि वेगवान तारेचं नातं जुनं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी १९८५ साली इथं आली तेव्हा अमेरिकेशी बोलण्यासाठी तिला उपग्रहाचा स्वतंत्र दुवा उभारावा लागला, कारण भरवशाची तारच नव्हती. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ही सरकारी संस्था आली आणि लहान कंपन्यांनाही असा दुवा भाड्यानं मिळू लागला. सामान्य माणसाला इंटरनेट दिसलं ते १५ ऑगस्ट १९९५ नंतर, विदेश संचार निगमनं ते देशात खुलं केलं तेव्हा. तो कर्कश आवाज करत फोन लावणारा मोडेम ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, की नेट चालू म्हणजे घरचा फोन बंद! सुरुवातीचा वेग होता ९.६ किलोबिट. आजच्या शंभरच्या कनेक्शनच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा. २००४ च्या सरकारी धोरणात तर २५६ किलोबिटला 'ब्रॉडबँड' म्हटलं होतं. ती किमान मर्यादा २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली.

त्या तांब्याच्या तारांच्या काळात घर टेलिफोन एक्स्चेंजपासून किती दूर यावर वेग ठरायचा. एक्स्चेंजशेजारचा सुखी, चार किलोमीटरवरचा दुःखी. काचेच्या तारेनं हा भेद जवळजवळ मिटवला. पण वाटणी राहिलीच. घरोघरी काचेची तार नेण्याच्या प्रचलित पद्धतीत केंद्रातून निघालेली एक तार वाटेत फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना देतात. त्या एका तारेत येणारा माल सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीनं ओढला तर वाट्याला चाळीसही येत नाहीत. अर्थात सगळे एका क्षणी ओढत नाहीत, या हिशेबावरच हा धंदा उभा आहे. अपार्टमेंटच्या गच्चीवरच्या टाकीचंही तसंच असतं. सकाळी सात वाजता सगळ्यांचे नळ चालू झाले की वरच्या मजल्याची धार बारीक होते. कंपनीनं एका वाटेवर किती जण बसवावेत यालाही मर्यादा हवीच. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास हे प्रमाण सांगितलं होतं.

बंगळूरची गोची अशी, की इथल्या आयटीवाल्यांची गर्दीची वेळ आणि टीव्हीची गर्दीची वेळ एकच आहे. संध्याकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. तिकडे ऑफिसं उघडतात, इकडे मालिका सुरू होतात. त्यात आयपीएलचा मोसम असला तर विचारायलाच नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऑफिसं, शाळा, सिनेमा सगळंच घरच्या तारेवर आलं. त्या वेळी देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवर दाखवायच्या चित्राचा दर्जा काही आठवडे मुद्दाम उतरवला, तारांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. घरच्या घरी गर्दी ओळखायची असेल तर तार लावून पहाटे एकदा आणि रात्री नऊला एकदा, असं चार दिवस मोजून वहीत लिहावं. पहाटे पंचाण्णव आणि रात्री पंचवीस येत असतील तर दोष कंपनीच्या वाटणीत आहे. मग भांडायला पुरावा हातात असतो. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीतच अपील करायची सोय २०१२ च्या नियमांनी ठेवलेली आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

आजोबांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मात्र दूर समुद्रात आहे. बंगळूरला समुद्र नाही. परदेशी जाणाऱ्या तारा उतरतात मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्यावर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तरी बंगळूर-न्यूयॉर्क जाऊन-येऊन निदान सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद जाणारच. तारांची वळणं आणि मधले थांबे धरले तर दोनशेच्या वर. कोणताही प्लॅन घेतला तरी यात फरक पडत नाही. आजोबांच्या मालिकेला हा प्रवासच नसतो. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती व्हिडिओ कंपन्या आपल्या शहरातच, पुष्कळदा इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या केंद्रातच, आणून ठेवतात. म्हणजे मालिका येते शहरातल्या शहरात, आणि सुनेचा शब्द सातासमुद्रापार जाऊन येतो. त्यातही तिच्या ऑफिसचा 'व्हीपीएन' नावाचा बंदिस्त बोगदा. त्याचं तोंड परदेशात असलं, तर शेजारच्या इमारतीतल्या सहकाऱ्याला पाठवलेली फाइलसुद्धा परदेशाला वळसा घालून येते. पूर्वी तर सगळ्यांचंच असं व्हायचं. दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला मजकूर परदेशातून फिरून येई. तो देशातच अदलाबदल व्हावा म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली.

समुद्राखालच्या तारा तुटतातही. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि भारताची परदेशी वाट जवळपास निम्म्यावर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तारांना इजा झाली, तेव्हाही भारतात वेग घसरला. अशा दिवशी मालिका चालते, ऑफिस रडतं. राउटर बंद-चालू करून काही होत नाही.

पण बंगळूरच्या माणसाला समुद्रातल्या तारेपेक्षा जास्त त्रास देते ती दारासमोरच्या झाडावरची तार. साऱ्या जगाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या या शहरानं आपलं स्वतःचं इंटरनेट झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवलंय! कुठल्याही गल्लीत मान वर करून पाहावं. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, दिव्याचे खांब, या सगळ्यांवर काळ्या तारांची वेटोळी लोंबताहेत. कुठली चालू, कुठली मेलेली, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. जमिनीखाली टाकायची तर रस्ता खोदायची परवानगी हवी, शुल्क हवं, वेळ हवा. झाड फुकट आहे. मग महापालिका मोहीम काढते आणि लोंबत्या तारा कापते. वीज कंपनी 'बेसकॉम' आपल्या खांबांवरच्या तारा काढायला बजावते, मुदत देते, मग कापते. ते चूक म्हणवत नाही, कारण लोंबत्या तारांत दुचाकीवाले अडकून पडतात. पण कापलेल्या त्या वेटोळ्यात कुणाची परीक्षा असते, कुणाची मुलाखत.

जमिनीखाली गेलं म्हणजे सुटलं असंही नाही. मेट्रो, सिमेंटचे रस्ते, पाण्याची नळं, गटारं अशी कुदळ सतत चालू असते. एका खात्यानं पुरलेली तार दुसऱ्या खात्याचं यंत्र उखडतं. यावर शहरानंच एक चांगला उपाय करून पाहिलाय. गेल्या दशकात 'टेंडरशुअर' नावाच्या योजनेत रेसिडेन्सी रोड, रिचमंड रोड, सेंट मार्क्स रोड असे मध्यवर्ती रस्ते नव्यानं बांधले, तेव्हा पदपथाखाली वीज, पाणी आणि तारांसाठी वेगवेगळे मार्ग ठेवले. झाकण उघडायचं, तार ओढायची, झाकण लावायचं. महागडं काम म्हणून त्यावर टीकाही झाली. पण विद्यारण्यपुरासारख्या वस्त्यांमध्ये हे पोहोचेपर्यंत झाडं आहेतच.

विजेचीही एक खोच लक्षात ठेवावी. वीज गेली आणि घरच्या इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला तरी नेट जातं, असं काही घरांत होतं आणि काहींत नाही. जिथं केंद्रापासून घरापर्यंत सलग काचेची तार असते, तिथं मधल्या फाट्याला वीज लागत नाही. तो निव्वळ प्रकाश वाटतो. पण जिथं गच्चीवरच्या पेटीत विजेवर चालणारं यंत्र बसवून पुढे साधी तार खाली सोडलेली असते, तिथं इमारतीची वीज गेली की पेटी मेली. नवं कनेक्शन घेताना लोक वेग आणि फुकट मिळणारे सिनेमे यांचीच चौकशी करतात. काचेची तार घराच्या आत येणार की गच्चीवरच थांबणार, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरात वळवाचा पाऊस येतो. वारा सुटतो, फांद्या मोडतात. विद्यारण्यपुरातल्या त्या घरासमोरचीही मोडली. राउटरशेजारच्या डबीवरचा हिरवा दिवा लाल झाला. लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. तेव्हा घरात काहीही हलवाहलव करण्यात अर्थ नसतो, फक्त फोन करून 'लाल दिवा लागलाय' एवढंच सांगायचं. तेवढ्यानं पलीकडच्याची निम्मी प्रश्नावली वाचते. कधी दिवा लाल नसतो, पण नेट लडखडतं. तेव्हा तार कपाटाच्या दारात चेपली गेलीय का, खिळ्याभोवती करकचून वळवलीय का, हे बघावं. काचेची तार फार वळली तर प्रकाश बाहेर निसटतो.

सून त्या संध्याकाळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मीटिंगला बसली. घरचं नेट गेलं तर दुसरी सोय काय, हे आता तिनं साहेबांना लिहूनच दिलं होतं, आणि चार दिवसांची परवानगी तूर्त कायम होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा माणूस शिडी घेऊन आला. फांदीखालून तार सोडवली आणि केसासारखं बारीक काचेचं टोक दुसऱ्या टोकाला जोडायला पायरीवर बसला. आजोबा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते.

"आजोबा, दिवा हिरवा झाला!" वरून नातू ओरडला.

तार मात्र त्या माणसानं पुन्हा त्याच झाडाला बांधली, एक फांदी वर.